सहकाऱ्यांशी जमवून घेताना: मराठवाड्यातल्या नोकरदारांसाठी

नोकरी का सोडली असं कुणाला विचारलं की आधी पगार, अंतर, घरची अडचण अशी कारणं येतात. दुसरा चहा झाला की खरं निघतं: शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी पटत नव्हतं.

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासेसमध्ये ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणून बहुतेकदा इंग्रजी संभाषण, मुलाखतीला बसायची ढब आणि बायोडाटा शिकवतात. नोकरी मिळवायला ते ठीक आहे. मिळालेली नोकरी त्याच चार माणसांबरोबर वर्षानुवर्षं करायची तर त्याने भागत नाही.

आपल्याकडे ओळख व्हायला वेळ लागत नाही. पहिल्या दिवशीच गाव आणि तालुका निघतो, संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी मेव्हणा आपल्या गावच्या शाळेत मास्तर असल्याचं कळतं आणि दुसऱ्या दिवशी डबे एकत्र उघडतात. अडतं ते त्यानंतर. डबा वाटून खाणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? त्याची चूक कशी दाखवायची? तो जामीन राहा म्हणाला तर? माया आहे, पण कामाचं स्पष्ट बोलणं जमत नाही, हे मराठवाड्यातल्या बहुतेक कचेऱ्यांचं आणि कारखान्यांचं दुखणं. म्हणून या लेखात ‘हसतमुख राहा’ छापाच्या सूचना कमी आणि अवघड बोलण्याबद्दल जास्त आहे.

१. पहिले पंधरा दिवस: हाक, भाषा, कामाच्या वेळा

कुणाला काय म्हणायचं हे ठरवायची घाई करू नका. सुरुवातीला सगळ्यांना सर, मॅडम किंवा नावापुढे ‘जी’ लावून बोला आणि बाकीचे एकमेकांना काय हाक मारतात ते ऐका. शिपायाला सगळे मामा म्हणत असतील तर तुम्हीही म्हणा. मात्र मामा म्हणायचं आणि वर ‘ए मामा, पाणी आण’ असा हुकूम सोडायचा, हे नात्याच्या शब्दाचं पांघरूण घालून केलेलं अरे-तुरेच. ठेकेदाराकडच्या कामगाराशी आपण कसं बोलतो हे परमनंट माणसं बघत असतात आणि लक्षात ठेवतात. बाईंना ‘ताई’ म्हणावं की ‘मॅडम’, हे सरळ त्यांनाच विचारलेलं बरं. ऑफिसात ताई म्हटलेलं कित्येकींना आवडत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे.

भाषेचं असं की लातूर-धाराशिवकडचा ‘काय करायलाव’ म्हणतो, जालन्या-बीडचा ‘कामून’ विचारतो, नांदेड आणि संभाजीनगरात दखनी हिंदी सर्रास चालते, आणि जालन्याच्या स्टील मिलमध्ये निम्मी पाळी बिहार-उत्तर प्रदेशची असू शकते. कुणाच्या बोलण्याची नक्कल करून हशा मिळवणं सोपं असतं. तो माणूस हसतोसुद्धा, आणि पुढच्या बैठकीत तोंड उघडत नाही.

‘गाव कोणतं?’ हा प्रश्न आपल्याकडे रामराम घातल्यासारखा आहे, तो जरूर विचारा. तिथंच थांबा. आडनाव, मग ‘म्हणजे त्यातले का तुम्ही?’ इथपर्यंत चौकशी नेली की समोरच्याला कळतं आपल्याला कोणत्या खणात टाकलं जातंय. ही चौकशी तुमच्याबद्दल होत असेल तर गाव सांगून विषय कामावर आणायचा. राग दाखवायची गरज नाही.

याच काळात एक काम नक्की करा. वहीच्या मागच्या पानावर कुणाकडे कोणतं काम आहे आणि त्याची गर्दीची वेळ कोणती, हे लिहून काढा. हिशेब विभागाची टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायची तारीख ७, जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची ११, जीएसटीआर-३बी ची २०. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या आस्थापनेत १९ तारखेला प्रवासभत्त्याचं बिल घेऊन गेलात तर खेकसलेलंच ऐकू येईल, आणि त्यात हिशेबवाल्याचा स्वभाव वाईट असं काही नसतं. बँकेत कॅशिअरची रोकड जुळवायची वेळ, कारखान्यात महिनाअखेरीचा डिस्पॅच, सरकारी कचेरीत मार्चची बिलं, अशी प्रत्येकाची एक अवघड घडी असते. तेवढी टाळली तरी निम्मी भांडणं उगवतच नाहीत.

२. चार्ज देणं-घेणं

माझ्या मते सहकाऱ्याबद्दलचं मत सगळ्यात लवकर बनतं ते इथं, कॅन्टीनमध्ये नव्हे. संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलताना बाहेर बस उभी असते आणि जाणाऱ्याचं लक्ष बसकडे. ‘सगळं ओके आहे’ म्हणून तो निघतो. येणाऱ्याला अर्ध्या तासाने कळतं की एक मशीन दुपारपासून कुरकुर करतंय, चहाच्या सुट्टीआधीचा माल तपासायचा राहिलाय आणि मेंटेनन्सला कुणी कळवलेलंच नाही. शिव्या मशीनला पडत नाहीत.

चार्ज देताना चार गोष्टी बोला आणि रजिस्टरला लिहा: काय पूर्ण झालं, काय अर्धवट आहे, काय बिघडलंय, कुणाला कळवलंय. सवय झाली की पाच मिनिटांचं काम आहे. घेणाऱ्याने ऐकून एकदा उलट बोलून दाखवावं: ‘म्हणजे दोन नंबरचं मशीन हळू चालवायचं, मेंटेनन्सवाला नऊला येणार, बरोबर?’ लक्ष देऊन ऐकायचं म्हणजे आणखी काय असतं? त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागत नाही. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, चुकलं असेल तर तो दुरुस्त करतो.

सरकारी कचेरीत हेच काम बदलीच्या वेळी येतं. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात सर्वसाधारण कार्यकाल ३ वर्षांचा धरलेला आहे, म्हणजे प्रत्येक टेबलावर कधी ना कधी नवा माणूस येणारच. त्याच कायद्यात नस्ती (फाईल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असंही आहे. जाताना प्रलंबित नस्त्यांची यादी, प्रत्येकीत अडलंय कुठं याची एक ओळ, आणि ज्या अभ्यागतांना तोंडी शब्द दिलाय त्यांची नोंद एवढं ठेवून जा. शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि नव्या माणसाला दारात उभ्या शेतकऱ्याकडून ऐकावं लागतं, ‘मागच्या साहेबांनी तर हो म्हणलं होतं.’

३. हो म्हणताना आणि नाही म्हणताना

‘करतो की’, ‘होऊन जाईल’, ‘बघू’ ही आपली तीन लाडकी उत्तरं. समोरच्याचं मन राखायला ती दिली जातात, आणि आठवड्याने त्याच मनाचा चुराडा होतो. काम मागणाऱ्याला नकाराचा राग येतो तो तासभर टिकतो. शेवटच्या क्षणी कळलेल्या नकाराचा राग महिनोन्महिने टिकतो, कारण तोवर त्याच्याकडे दुसरा मार्ग उरलेला नसतो.

हो म्हणायचं तर वेळ जोडून म्हणा: ‘शुक्रवारी चारपर्यंत देतो.’ मध्येच काही अडलं आणि शुक्रवार जमणार नाही असं बुधवारी दिसलं, तर बुधवारीच सांगा. ‘नवीन वेळ काय’ हेही त्याच वाक्यात सांगा. मराठवाड्यात वीज जाते, एसटी रद्द होते, नेट बंद पडतं; हे सगळ्यांना माहीत असल्याने कारणावर कुणी शंका घेत नाही. राग येतो तो न कळवण्याचा.

नाही म्हणायचं तर तीन तुकडे पुरतात. आधी नकार स्वच्छ, मग एका वाक्यात कारण, मग जमेल ते. ‘भाऊ, आजचा अहवाल मला जमणार नाही. साहेबांची उद्याची माहिती माझ्याकडे आहे. उद्या दुपारनंतर एक तास तुमच्यासोबत बसतो, चालेल का?’ कारणांची माळ लावू नका. तिसऱ्या कारणापासून ते खोटं वाटायला लागतं. आणि तिसरा तुकडा खरा असेल तरच जोडा. पोकळ आश्वासन म्हणजे पुन्हा ‘बघू’च.

वरिष्ठाला नाही म्हणायची पद्धत थोडी निराळी. तिथं निवड त्यांच्या हाती द्यावी: ‘सर, दोन्ही कामं आज होणार नाहीत. आधी कोणतं घेऊ?’ बहुतेक साहेबांना तुमच्या टेबलावर काय काय आहे हे ठाऊकच नसतं.

४. चूक दाखवणं

सगळ्यात अवघड पायरी ही. प्रसंग, वर्तन, परिणाम अशा क्रमाने बोलायची एक पद्धत सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकेतल्या संस्थेने रुजवली. आपल्याकडेही ती चालते, फक्त शेवटी समोरच्याची बाजू विचारायची एक जागा ठेवावी लागते. एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातलं उदाहरण घेऊ; त्यातला गेज म्हणजे भागाचं माप तपासायचं साधन. सगळ्यांसमोर होणारं बोलणं साधारण असं असतं:

‘तुमचं लक्षच नसतंय कामात. रोजचंच झालंय तुमचं. काल तुमच्यामुळं लाईन बंद पडली.’

यात ‘रोजचंच’ खोटं आहे, ‘लक्ष नसतं’ हा अंदाज आहे. ऐकणारा त्या दोन्हींवर भांडेल आणि बंद पडलेल्या लाईनचा विषय बाजूलाच राहील. त्याऐवजी सुपरवायझरने त्याला बाजूला घ्यावं:

‘नाना, दोन मिनिटं. काल दुपारच्या पाळीत शेवटचा लॉट गेज न लावता पुढं गेला. त्यातले काही नग जोडणीत बसले नाहीत, लाईन थांबवावी लागली. नेमकं काय झालं होतं?’

‘सर, गेज जागेवर नव्हताच. नाईटवाल्यांनी नेलता. कुठं हुडकायचा मी?’

‘मग मला का नाही सांगितलं?’

‘तुम्ही मीटिंगमध्ये होता. अन् टार्गेट तर पूर्ण करायचं होतं.’

आता चूक कुणाची, हे तेवढं सोपं राहिलेलं नाही. गेज ठेवायची जागा ठरलेली नाही, सुपरवायझर नसताना कुणाला विचारायचं हे ठरलेलं नाही. नानांनी लॉट थांबवायला हवा होता, हेही खरंच आहे. दोघांनी मिळून दोन गोष्टी ठरवल्या तर हे बोलणं कामी आलं: गेजची जागा फळीवर लिहायची, आणि गेज नसेल तर लॉटला लाल कार्ड लावून बाजूला ठेवायचा, टार्गेट गेलं तरी.

वेळेबद्दल एक सूचना. चूक त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बोला. दिवाळीतलं उट्टं मार्चच्या अप्रायझलला काढणारे वरिष्ठ पुष्कळ असतात. त्यांच्याशी कुणी मोकळं बोलत नाही.

तुमची चूक कुणी दाखवली तर पहिलं वाक्य खुलाशाचं नको. ‘कोणत्या कामाबद्दल म्हणताय, जरा सांगा’ असं विचारलं की बोलणाराही शांत होतो आणि तुम्हालाही नेमकं कळतं.

चांगल्या कामाचं उलट करावं. ते चारचौघांत सांगावं, नाव घेऊन आणि काय केलं ते सांगून. ‘टीमने छान केलं’ यात कुणाच्याच पदरात काही पडत नाही. ‘जुन्या नोंदी मॅडमनी दोन दिवस बसून जुळवल्या म्हणून ऑडिट निभावलं’ हे साहेबांच्या कानावर तुम्ही घातलंत तर मॅडम ते विसरणार नाहीत.

५. रजा, शेती, सण आणि नळाचं पाणी

पुण्या-मुंबईच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा धडा सापडायचा नाही. इथल्या बऱ्याच नोकरदारांचा एक पाय शेतात असतो. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. त्या आठवड्यांत हजेरी विरळ होणार. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. भज्जी आणि आंबील घेऊन अख्खं गाव शेतात जातं, ऑफिस ओस पडतं. संभाजीनगरात कित्येक वसाहतींना काही दिवसांआड पाणी येतं, तेही ठरल्या वेळी येईल असं नाही. पाणी भरायला थांबलेला माणूस तासभर उशिरा येतो, त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या भागात पाण्याचा वार कोणता ते विचारा.

करायचं असं: मे महिन्यातच टीमने एका कागदावर पुढच्या सहा महिन्यांच्या रजा मांडाव्यात. ज्याची पेरणी त्याला जून, ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांना भाद्रपदातले ते तीन दिवस. मग दिवाळी-ईदची अदलाबदल सहज होते. रमजानमध्ये रोजा असलेल्या सहकाऱ्यासाठी संध्याकाळची बैठक सकाळी घेतली तर कुणाचं काही बिघडत नाही. १४ जानेवारीला एकाची संक्रांत असते, तर दुसऱ्याला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव मिळाल्याच्या नामविस्तार दिनासाठी विद्यापीठाच्या गेटवर जायचं असतं. १९९४ पासून तो दिवस त्याच्या घरी सणासारखाच आहे. त्याला ‘आज कसली सुट्टी?’ विचारू नये. १४ एप्रिलचंही तेच.

अदलाबदलीचा हिशेब मात्र लिहून ठेवा. कुणी कुणाची पाळी केली हे तोंडी राहिलं की प्रत्येकाला आपण जास्त दिल्यासारखं वाटतं. शेती नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलावर सगळ्यांच्या पाळ्या येऊन पडतात, हेही त्या कागदामुळेच दिसतं.

येळवशीला कुणी शेतात बोलावलं तर जा. तिथं ऑफिसचं गाऱ्हाणं काढू नका, बस्स.

६. व्हॉट्सॲपचा गट

कामाचा गट कामापुरता ठेवा. शुभ सकाळ, निवडणूक आणि आंदोलनासाठी दुसरा काढा आणि त्यात नसलात तरी चालतं. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीपासून मराठा आरक्षणाचा प्रश्न पेटल्यावर मराठवाड्यात या विषयावरची एक फॉरवर्ड जुनी मैत्री तोडायला पुरते. मत असावं, ते सोडायला कुणी सांगत नाही. पण ज्याच्याकडून उद्या चार्ज घ्यायचाय त्याला रात्री अकराला डिवचून काय साधणार? शहराच्या नावाचंही तसंच. २०२३ मध्ये नाव अधिकृतपणे बदललं, कागदोपत्री ते लिहा. चहावर कुणी औरंगाबाद म्हणालं आणि कुणी संभाजीनगर, तर दोघांना बोलू द्या.

गटावर कुणाची चूक टाकू नका, फोटोसकट तर अजिबात नको. आणि ज्या मजकुराने तुम्हाला राग आलाय त्याला टाईप करून उत्तर देऊ नका, फोन लावा.

७. पैसे आणि जामीन

उसने देताना परत आले नाहीत तरी घरात भांडण होणार नाही एवढेच द्या, आणि तारीख विचारूनच द्या. मागताना लाजू नका: ‘दहा तारीख म्हणाला होता, आज जमतंय का?’ एवढं वाक्य पुरे.

जामीनकी हा मोठा प्रश्न. पतसंस्थेच्या कर्जाला पगारदार जामीनदार लागतो आणि शेजारच्या टेबलाइतका हाताशी पगारदार दुसरा नसतो. सही म्हणजे नुसती ओळख पटवणं असतं असं पुष्कळांना वाटतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते. हे कर्ज तुम्ही फेडू शकणार नसाल तर सही करू नका. नकार द्यायला सोपा जावा म्हणून नियम आधीच करून ठेवा: ‘घरी ठरलंय, कुणालाच जामीन राहायचं नाही.’ आज एकाला नाही आणि उद्या दुसऱ्याला हो, असं मात्र झालं तर पहिल्याशी संबंध संपले समजा.

८. भांडण झालंच तर

एक रात्र जाऊ द्या, आठवडा नको. आठवड्यात दोन्ही बाजूंना माणसं जमतात, मग मिटवायला दोघांचं एकमत पुरत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेर, टपरीवर चला. सुरुवात आपल्या वाट्यापासून करा, खोटी नको: ‘काल माझा आवाज चढला, ते बरोबर नव्हतं. पण डिस्पॅचची तारीख मला न विचारता बदलली, त्याचा त्रास झाला.’ मग गप्प बसा. हा गप्प बसण्याचा मिनिट फार लांब वाटतो आणि तो मोडायचा मोह होतो, मोडू नका. पुढच्या वेळी काय करायचं एवढंच ठरवून उठा. कोण बरोबर होतं याचा निकाल लागला नाही तरी चालेल.

तिसरा माणूस घ्यायचाच तर दोघांनाही मान्य असलेला घ्या. दोघांपैकी एकाचा पाहुणा नको, आणि शक्यतो साहेबही नको. साहेब आले की मिटवामिटवीचा खटला होतो.

९. जिथं जमवून घ्यायचं नसतं

वरचं सगळं दोन्ही बाजूंनी काम करायची इच्छा असलेल्या माणसांसाठी आहे. लैंगिक छळ, जातीवरून अपमान, मारहाण, पैशांची अफरातफर यांत समजुतीचं बोलणं पीडित माणसानेच करावं अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. ‘जाऊ द्या, घरचाच माणूस आहे’ म्हणणारे हितचिंतक अशा वेळी हटकून येतात. त्यांचं ऐकू नये.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध महिलांसाठी २०१३ चा कायदा आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान आस्थापना असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत तक्रार करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्यासाठी पोलिसांत जावं लागतं.

तारीख, वेळ, जागा, काय बोललं किंवा केलं गेलं आणि तिथं कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट घरच्या कुणाकडे पाठवून ठेवा. तक्रार लेखी द्या, आपल्याजवळच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ज्या सहकाऱ्याने हे घडताना पाहिलंय त्याला साक्षीबद्दल लगेच विचारा. आणि तो सहकारी तुम्ही असाल, तर विचारायची वाट न बघता जाऊन सांगा की मी तिथं होतो, लागेल तेव्हा सांगीन.